प्लेटलेट कमी असूनही मेंदूत गुठळी : टीटीपी या दुर्मीळ आजाराचा आमचा अनुभव आणि काही माहिती

कृष्णाकाठी (सांगली) : मूळ लेख

नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब पाहतो. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा तिचे वय ३४ होते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिला रक्तदाब नाही, साखर नाही, घराण्यात कोणाला हा त्रास नाही. ज्या आजारामुळे हे घडले त्याचे नाव आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले आणि ते ऐकू येईपर्यंत पाच दिवस गेले होते. ते पाच दिवस दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात साधी होती. अंगात कसकस, कमालीचा थकवा, आणि दोन्ही पिंडऱ्यांवर मोहरीएवढे लालसर-जांभळे ठिपके. पावसाळ्याचे दिवस, आमच्या गल्लीत डेंग्यूचे तीन रुग्ण, त्यामुळे प्लेटलेट १४,००० असा अहवाल आल्यावर घरात कोणाला दुसरी शंकाच आली नाही. डेंग्यूची एनएस-१ तपासणी निगेटिव्ह आली, तरी 'कधी कधी येते तशी' असे सांगण्यात आले. तिला एका खाजगी रुग्णालयात दाखल केले, प्लेटलेटच्या दोन पिशव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाढण्याऐवजी ११,००० वर आला. मी रोजचे अहवाल वहीत उतरवत होतो. प्लेटलेटच्या शेजारच्या रकान्यात हिमोग्लोबिन चार दिवसांत ११.२ वरून ७.८ वर उतरलेले माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, पण सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर होती, माझीसुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिला पेज भरवत होतो. "मी घेते" म्हणून तिने चमचा हातात घेतला आणि तो उजव्या हातातून चादरीवर पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिला पाणी हवे होते, पण तोंडून "पाटी, पाटी" असेच येत होते आणि आपण चुकीचा शब्द बोलतो आहोत हे तिला कळत होते, हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. वीस मिनिटांत हात पूर्ववत झाला, बोलणे सुधारले. कामावर असलेल्या डॉक्टरांनी अशक्तपणा आणि जागरण हे कारण सांगितले आणि आम्हीही ते मानले, कारण सगळे ठीक झालेले समोर दिसत होते. संध्याकाळी तेच पुन्हा घडले, या वेळी तोंडाची उजवी बाजूही ओघळली. प्लेटलेट एवढ्या कमी असल्याने मेंदूत रक्तस्राव झाला असेल म्हणून सीटी स्कॅन केला, तर त्यात रक्तस्राव नव्हताच.

पाचव्या दिवशी मिरजेतील ज्या प्रयोगशाळेकडे नमुना गेला होता तेथील पॅथॉलॉजिस्टनी स्वतः रुग्णालयात फोन केला. काचेवर पसरलेल्या रक्तात त्यांना तांबड्या पेशींचे तुकडे दिसले होते. एलडीएच नावाची, पेशी फुटल्या की वाढणाऱ्या घटकाची तपासणी तातडीने केली, ती १,६४० म्हणजे खूपच वाढलेली आली. त्याच दुपारी तिला मिरजेला हलवले. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण मला ते आजही मोजता येत नाही. एमआरआयमध्ये मेंदूत डाव्या बाजूला गुठळ्यांमुळे झालेले लहान लहान डाग दिसले. निदान झाले थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, म्हणजेच टीटीपी.

रक्तविकारतज्ज्ञांनी समजावून सांगितले ते माझ्या भाषेत मांडतो. आपल्या रक्तात व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचे लांबलचक दोऱ्यासारखे प्रथिन असते. जखम झाली की प्लेटलेट त्याला चिकटतात आणि रक्त थांबते. हे दोरे गरजेपेक्षा लांब राहू नयेत म्हणून ॲडॅम्ट्स-१३ नावाचे एक विकर (एन्झाइम) त्यांना कात्रीसारखे कापत असते. मोठ्या माणसांच्या टीटीपीत बहुतेक वेळा शरीर स्वतःच या कात्रीविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते. कात्री निकामी झाली की दोरे न कापलेले राहतात आणि जखम नसतानाही प्लेटलेट त्यांना चिकटत जातात. पूर ओसरताना आयर्विन पुलाच्या खांबांना जलपर्णी आणि काटक्या कशा अडकून बसतात हे आपण सांगलीकरांनी पाहिले आहे, अगदी तसे मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांच्या बारीक वाहिन्यांत घडते. त्या अडथळ्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात, म्हणून हिमोग्लोबिन उतरते. प्लेटलेट गुठळ्यांत खर्ची पडतात, म्हणून त्यांचा आकडा उतरतो. म्हणजे अहवालातल्या कमी प्लेटलेट या रक्त वाहून जाण्याच्या नसून रक्त गोठत असल्याच्या खुणा असतात, आणि अशा वेळी वरून दिलेल्या प्लेटलेट त्याच गुठळ्यांत भर घालू शकतात. जिवावरचा रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी, एरवी टीटीपीत त्या टाळतात.

त्या रात्री ११ वाजता मानेतल्या शिरेत नळी घालून प्लाझ्मा एक्सचेंज सुरू झाले. रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पिवळसर द्रव, यंत्राने बाहेर काढायचा आणि दात्यांचा चांगला प्लाझ्मा आत सोडायचा. त्यामुळे प्रतिपिंडे बाहेर जातात आणि नवी कात्री आत येते. सोबत स्टिरॉइड आणि नंतर रिटक्सिमॅब हे प्रतिपिंडे तयार होणे रोखणारे औषध दिले. असे नऊ दिवस चालले. सातव्या दिवशी प्लेटलेट दीड लाखांच्या वर गेल्या. ॲडॅम्ट्स-१३ चा अहवाल बाहेरगावाहून काही दिवसांनी आला, तो ५ टक्क्यांहून कमी होता. १० टक्क्यांखाली असेल तर निदान पक्के मानतात, पण उपचार त्या अहवालासाठी थांबवले नव्हते आणि म्हणूनच ती आज आहे. हा उपचार नव्हता त्या काळी या आजारात दहांतील नऊ रुग्ण दगावत असत. १९९१ मध्ये कॅनडातील अभ्यासाने प्लाझ्मा एक्सचेंजचा फायदा सिद्ध केला, तेव्हापासून चित्र पालटले.

आता ती शाळेत जाते. चालणे, बोलणे नीट आहे. फळ्यावर जोडाक्षर लिहिताना मात्र खडू अडतो. 'ज्ञ' आणि 'क्ष' लिहायला तिला वेळ लागतो आणि तोपर्यंत पहिलीतली मुले शांत बसून राहतात.

ज्यांना या आजाराचा किंवा याच्या आसपासच्या प्लेटलेटच्या विकारांचा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

सूक्ष्मदर्शी (मिरज)

कृष्णाकाठी, तुमच्या पत्नींना दीर्घायुष्य लाभो. मी २२ वर्षे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे, त्यामुळे माझ्या टेबलावरून दिसते तेवढेच लिहिते.

रक्ताचा एक थेंब काचेवर पसरवून वाळवतात (यालाच स्मिअर म्हणतात), लीशमनच्या रंगात रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. निरोगी तांबडी पेशी गोल, मधोमध फिकट अशी दिसते. टीटीपीत त्या गोलांमध्ये तुटकी नखे विखुरल्यासारखे तुकडे दिसतात. काही त्रिकोणी, काही शिरस्त्राणासारखे, एक बाजू सरळ कापलेली आणि दोन टोके वर आलेली. त्यांना शिस्टोसाइट म्हणतात. एकदा ते पाहिले की विसरता येत नाहीत. प्लेटलेट तर शोधाव्या लागतात, एका क्षेत्रात एखादीच. पेशी मोजणारे यंत्र प्लेटलेटचा आकडा देते, काही वेळा इशाराही देते, पण हे तुकडे नेमके काय आहेत हे माणसाच्या डोळ्यांनी पाहावे लागते. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसाला शेकडो नमुने येतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर फक्त 'प्लेटलेट काउंट' लिहिलेले असते. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'स्मिअर पाहावा' एवढे दोन शब्द वाढवले तरी काम सोपे होते.

डेंग्यू आणि टीटीपी यांतला एक फरक साध्या अहवालातही दिसतो. डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत वाहिन्यांतून पाणी झिरपते, रक्त घट्ट होते आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, वाढते. टीटीपीत पेशी फुटत असल्याने हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट दोन्ही उतरतात, एलडीएच खूप वाढते, बिलिरुबिन थोडे वाढते, लघवी गडद होऊ शकते. रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी मात्र बहुधा ठीक असते. तांबड्या पेशींना प्रतिपिंडे चिकटली आहेत का हे पाहणारी कूम्ब्ज तपासणी सहसा निगेटिव्ह येते. तुमच्या वहीतला तो शेजारचा रकाना म्हणूनच महत्त्वाचा होता.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲडॅम्ट्स-१३ चा नमुना फिकट निळ्या टोपणाच्या, सायट्रेट हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत आणि पहिला प्लाझ्मा चढवण्यापूर्वी घ्यावा लागतो. दात्याचा प्लाझ्मा आत गेला की त्याच्यातले विकर मोजले जाते आणि अहवाल फसवा येतो. नमुना घेऊन ठेवायला पाच मिनिटे लागतात, उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

वाईकर

लेख वाचून मन हेलावले. माझ्या पुतण्याला डेंग्यूत प्लेटलेट २०,००० झाल्या होत्या, त्याला पपईच्या पानांचा रस दिला आणि चार दिवसांत आकडा लाखावर गेला. अशा आजारात या रसाचा उपयोग होईल का, हे जाणकारांनी सांगावे. शंका म्हणून विचारतो आहे.

कृष्णाकाठी

वाईकरदादा, आम्हीही तीन दिवस तो रस दिला होता. माझ्या सासूबाई पहाटे उठून पाने वाटत असत, त्यामुळे या प्रश्नामागची माया मला कळते. डेंग्यूत ताप उतरल्यानंतर काही दिवसांत प्लेटलेट आपोआप वर येतात, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितले. टीटीपीत अस्थिमज्जा प्लेटलेट भरपूर तयार करत असते, पण त्या वाहिन्यांत चिकटून संपतात. गळती बंद केल्याशिवाय वरून कितीही भरले तरी उपयोग होत नाही. रसाने आमचे काय नुकसान झाले असे मी म्हणणार नाही, पण त्या रसाच्या भरवशावर आम्ही आणखी एक दिवस वाट पाहिली, ही खंत राहिली आहे.

सह्यगिरी (कराड)

आमच्या शेजारच्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले आणि ते चालत घरी आले. वहिनींना ते इंजेक्शन का दिले नाही? आणि लक्षणे वीस मिनिटांत जाऊन पुन्हा येतात, हे नेहमीच्या झटक्यात होते का?

उरमोडी (सातारा)

मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सह्यगिरी यांच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात हे खरे, पण प्लेटलेट एक लाखाच्या खाली असल्याचे माहीत असेल तर ते सामान्यतः देत नाहीत, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. शिवाय नेहमीच्या झटक्यात बहुधा एका वाहिनीत एक गुठळी अडकलेली असते, तर टीटीपीत असंख्य सूक्ष्म गुठळ्या असतात आणि त्या प्लेटलेट व व्हॉन विलब्रँडच्या दोऱ्यांनी बनलेल्या असतात. त्यामुळे मूळ कारणावरचा उपचार, म्हणजे प्लाझ्मा एक्सचेंज, हाच या पक्षाघातावरचाही उपचार ठरतो. मात्र यावरून कोणी घरी थांबू नये. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, शब्द न फुटणे किंवा भलतेच फुटणे यांपैकी काहीही दिसले की १०८ ला फोन करून तात्काळ निघावे. कारण कोणते हे रुग्णालयात ठरते, घरी ठरत नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नेहमीच्या झटक्यापूर्वीही तात्पुरती लक्षणे येऊन जाऊ शकतात आणि तीही धोक्याचीच असतात. टीटीपीत मात्र हे येणे-जाणे ठळक असते. सूक्ष्म गुठळी जमते, सुटते, दुसरीकडे जमते. सकाळी हात लुळा, दुपारी रुग्ण हसतो आहे, संध्याकाळी असंबद्ध बोलतो आहे, असे चित्र दिसते आणि पाहणाऱ्याला ते अशक्तपणाचे किंवा मनाचे वाटते. काहींना फक्त डोकेदुखी आणि गोंधळलेपण असते, काहींना फीट येते. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एली मोशकोविट्झ यांनी या आजाराची पहिली नोंद केली ती १६ वर्षांच्या मुलीची होती. तिलाही ताप, पांडुरता आणि अंगाच्या एका बाजूची कमजोरी होती. शवविच्छेदनात तिच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या सापडल्या. कारण समजायला त्यानंतर सात दशके लागली आणि ॲडॅम्ट्स-१३ ची ओळख २००१ मध्ये पटली.

माझ्यासारख्या ठिकाणी प्लाझ्मा एक्सचेंजचे यंत्र नसते. म्हणून माझ्या सहकाऱ्यांसाठी एक विनंती : टीटीपीची दाट शंका असेल आणि रुग्णाला हलवायला वेळ लागणार असेल, तर मोठ्या केंद्रातील रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून वाटेतच साधा प्लाझ्मा चढवणे सुरू करता येते. एक्सचेंजची जागा ते घेऊ शकत नाही, पण मिळालेले तास मोलाचे असतात. अलीकडे कॅप्लासिझुमॅब नावाचे औषधही आले आहे, २०१८ मध्ये युरोपात आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते दोऱ्याला प्लेटलेट चिकटूच देत नाही. पण पाया प्लाझ्मा, स्टिरॉइड आणि रिटक्सिमॅब हाच आहे.

रक्तमित्र (सांगली)

मी रक्तदान शिबिरांत स्वयंसेवक आहे. प्लाझ्माचा हिशेब लोकांना माहीत नसतो म्हणून लिहितो. माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ४० मिलिलिटर प्लाझ्मा असतो. ६० किलोच्या रुग्णाला एका दिवसाच्या एक्सचेंजसाठी सुमारे अडीच ते साडेतीन लिटर प्लाझ्मा लागतो आणि एक पिशवी साधारण २०० मिलिलिटरची असते. म्हणजे रोज १२ ते १८ पिशव्या, आणि असे सलग कित्येक दिवस. प्लाझ्मा उणे ३० अंशांना वर्षभर टिकतो, त्यामुळे रक्तपेढीत साठा असू शकतो, पण एकाच गटाच्या शंभरभर पिशव्या एका पेढीत मिळतीलच असे नाही. रुग्णाचे नातेवाईक एकाच पेढीत रांग लावतात, त्याऐवजी पहिल्याच दिवशी पुढच्या चार दिवसांची गरज तीन-चार पेढ्यांना कळवावी. एबी गटाचा प्लाझ्मा कोणत्याही गटाच्या रुग्णाला चालतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

कृष्णाकाठी

रक्तमित्र, आपण लिहिलेला आकडा आम्ही अनुभवला. नऊ दिवसांत १२१ पिशव्या लागल्या. पिशव्या बर्फाच्या वड्यांसारख्या टणक असतात, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि मग त्यांत ताकाच्या निवळीसारखा पिवळसर द्रव दिसतो. यंत्र सुरू झाल्यावर तिच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या येत असत. पिशवीतल्या सायट्रेटमुळे रक्तातले कॅल्शियम कमी होते म्हणून असे होते आणि कॅल्शियम दिले की थांबते, हे परिचारिकांनी सांगितले तेव्हा आमची भीती गेली, नाही तर आम्हाला प्रत्येक मुंगी म्हणजे नवा झटका वाटत होता. माझ्या गावाहून, हळदीच्या पेढीवरून आणि तिच्या शाळेतून माणसे आली. ज्यांचा गट जुळला नाही त्यांनीही बदली म्हणून रक्त दिले. पेढीवरच्या दोन हमालांनी दिवसभर पोती वाहून संध्याकाळी रक्त दिले, त्यांचे ऋण कसे फेडावे हे मला समजत नाही.

द्राक्षवेल (तासगाव)

मी स्वतः टीटीपीची रुग्ण आहे आणि मला लिहायचे आहे ते आजार बरा झाल्यानंतरचे.

माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर, २०१७ मध्ये, हा आजार झाला. तेव्हा मेंदूला काही झाले नाही. प्लाझ्मा एक्सचेंज झाले, प्लेटलेट दोन लाखांवर गेल्या आणि दर तीन महिन्यांनी मी फक्त प्लेटलेट तपासत राहिले. आकडा चांगला आला की आम्ही देवापुढे साखर ठेवायचो. २०२१ च्या मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर असताना माझ्या डाव्या हातातला ट्रे निसटला आणि हात खांद्यापासून जड झाला. त्या दिवशी माझ्या प्लेटलेट २ लाख ३० हजार होत्या. रक्तदाब ठीक, साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक. एमआरआयमध्ये मात्र गुठळीचा झटका. पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी ॲडॅम्ट्स-१३ तपासले, तेव्हा ते २८ टक्के होते.

त्यांनी मला सांगितले की टीटीपी पुन्हा उलटला नसतानाही, केवळ हे विकर अर्धवट भरून आलेले असले तरी, पक्षाघाताचा धोका राहू शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टीटीपीतून वाचलेल्या १३७ रुग्णांपैकी १८ जणांना पुढे आजार शांत असताना झटका आला होता, आणि ज्यांचे विकर ७० टक्क्यांच्या वर गेले नव्हते त्यांना धोका जास्त होता. माझी चार वर्षे चुकीचा आकडा पाहण्यात गेली. आता दर तीन महिन्यांनी ॲडॅम्ट्स-१३ तपासते. ते फार खाली गेले तर आजार उलटण्याची वाट न पाहता रिटक्सिमॅब देतात, ते मला एकदा दिले आहे. रक्तदाब आणि वजन यांवरही लक्ष ठेवायला सांगितले आहे. ॲस्पिरिन चालू आहे, पण ते कोणी माझे पाहून घेऊ नये, कारण प्लेटलेट कमी असताना ते धोक्याचे ठरू शकते.

कृष्णाकाठीदादा, एक गोष्ट विचारायची आहे. वहिनींना विसर पडतो का? मला पडतो. दुकानात गेले की यादीतला तिसरा पदार्थ आठवत नाही. लोक म्हणतात, सगळ्यांनाच होते. मला होत नव्हते.

कृष्णाकाठी

ताई, होय. तिलाही पडतो आणि ती कोणाला सांगत नाही. मुलांची नावे आठवतात, पण हजेरी घेताना कोणत्या नावापर्यंत आलो हे निसटते. तुमचे लिहिणे काल रात्री मी तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत." टीटीपीतून वाचलेल्यांत स्मरण, एकाग्रता आणि मनाची उदासी या तक्रारी नोंदलेल्या आहेत, असे आमच्या डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितले. न विचारता सांगितले असते तर तिचे वर्ष हलके गेले असते. तिची ॲडॅम्ट्स-१३ ची शेवटची तपासणी सहा महिन्यांपूर्वीची आहे, तेव्हा ६१ टक्के होते. आम्ही ते चांगले समजून पुढची तपासणी लांबवली होती. या आठवड्यातच नमुना देत आहोत.

अजिंक्यतारा (सातारा)

माझ्या आईचा प्रश्न उलटा आहे. वय ६३. मागच्या महिन्यात दहा मिनिटे एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे झाले आणि तळपायांची आग तर वर्षभर आहे. प्लेटलेट ९ लाख ४० हजार निघाल्या. एका परिचितांनी सांगितले की प्लेटलेट जास्त असणे चांगलेच. हा धागा वाचून घाबरलो आहे.

उरमोडी (सातारा)

साडेचार लाखांवरच्या प्लेटलेट चांगल्या मानू नका आणि घाबरूनही जाऊ नका. लोहाची कमतरता, जंतुसंसर्ग किंवा सूज यांमुळेही आकडा वाढतो, म्हणून ते आधी तपासतात. कारण सापडले नाही तर एसेन्शिअल थ्रॉम्बोसायथीमिया या अस्थिमज्जेच्या दीर्घकालीन विकाराचा विचार होतो. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत जॅक-२ हा जनुकीय बदल सापडतो, जो २००५ मध्ये लक्षात आला. तो नसेल तर कॅलआर हा २०१३ मध्ये सापडलेला बदल आणि एमपीएल पाहतात. तळपायांची आग आणि डोळ्यापुढे क्षणभर आलेला पडदा ही दोन्ही लक्षणे या आजारात बसतात, आणि डोळ्याचा पडदा हा मेंदूच्या झटक्याचा इशारा समजून आईंना याच आठवड्यात, शक्यतो उद्याच, न्यूरोलॉजिस्ट आणि रक्तविकारतज्ज्ञ यांना दाखवा.

साठीच्या पुढचे वय किंवा आधी गुठळी झालेली असणे यांपैकी काहीही असेल तर धोका जास्त धरतात आणि बहुधा हायड्रॉक्सियुरियाने आकडा खाली आणतात, जोडीला कमी मात्रेतील ॲस्पिरिन असते. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. प्लेटलेट दहा-पंधरा लाखांच्या पुढे गेल्या की त्या व्हॉन विलब्रँडचे दोरे शोषून घेतात आणि काही रुग्णांत रक्तस्राव होऊ लागतो, त्या वेळी ॲस्पिरिन घातक ठरू शकते. कृष्णाकाठी यांच्या घरी प्लेटलेट कमी असून गुठळ्या झाल्या, आणि या दुसऱ्या आजारात त्या अति जास्त असून रक्त वाहू शकते. नुसत्या आकड्यावरून औषध ठरवता येत नाही, ते या दोन उदाहरणांवरून दिसते.

अजिंक्यतारा (सातारा)

डॉक्टर, आभारी आहे. दुसऱ्याच दिवशी आईला दाखवले. जॅक-२ पॉझिटिव्ह आले. औषधे सुरू झाली असून तळपायांची आग ॲस्पिरिनच्या तिसऱ्या दिवशीच कमी झाली. आई वर्षभरात पहिल्यांदा पायांवर पांघरूण घेऊन झोपली.

सूक्ष्मदर्शी (मिरज)

कृष्णाकाठी, वहिनींचा नवा अहवाल आला का? आणि मागे तुम्ही मला व्यक्तिगत निरोपात त्यांच्या पर्समधल्या कागदाविषयी लिहिले होते, तो मजकूर येथे द्यावा. आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या रुग्णांना मी दाखवेन.

कृष्णाकाठी

अहवाल आज आला. ॲडॅम्ट्स-१३ ४४ टक्के, प्लेटलेट २ लाख १० हजार. केवळ प्लेटलेट पाहिल्या असत्या तर आम्ही पुन्हा निश्चिंत झालो असतो. रक्तविकारतज्ज्ञांनी तूर्त रिटक्सिमॅब न देता महिन्याने पुन्हा तपासायचे ठरवले आहे. द्राक्षवेल ताई, तुमच्यामुळे हे वेळेत कळले.

कागद तिच्या पर्समध्ये, शाळेच्या टेबलाच्या खणात आणि माझ्या पाकिटात असा तीन ठिकाणी आहे. मजकूर असा :

'मला टीटीपी हा रक्ताचा आजार आहे. मला ताप, अंगावर जांभळे ठिपके, गोंधळलेपण, बोलण्यात अडखळ, एका हातापायात कमजोरी किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले आणि ते आपोआप थांबले असले, तरी मला तातडीने रुग्णालयात न्यावे. हिमोग्राम, स्मिअर, एलडीएच आणि क्रिएटिनिन लगेच करावे. ॲडॅम्ट्स-१३ चा नमुना प्लाझ्मा देण्यापूर्वी घ्यावा. जिवावरचा रक्तस्राव नसेल तर रक्तविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय प्लेटलेट देऊ नयेत. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे.'

खाली डॉक्टरांचा आणि माझा दूरध्वनी क्रमांक आहे. मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे आणि तो तिने स्वतः, उजव्या हाताने लिहिला आहे.